लोक अभिरक्षक: गरीब आरोपीचा पूर्णवेळ वकील

शेणव्याच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला अटक झाली, की चोवीस तासांच्या आत त्याला शहापूरच्या कोर्टात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. घरची माणसं मजुरीला, कुणी वीटभट्टीवर. वकील शोधायला वेळ नसतो, पैसा तर नसतोच. पहिल्या रिमांडला त्याच्या बाजूने कोण बोललं, नीट बोललं का, यावर पुढचे कित्येक महिने ठरतात.

कायद्याने त्याची सोय केलेली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या बाराव्या कलमानुसार कोठडीतला माणूस, आदिवासी, स्त्री किंवा मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण वर्षानुवर्षं हे काम पॅनेलवरचे वकील खासगी वकिली सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर करत आले. काहींनी जीव ओतून केलं, काहींनी नुसती तारीख घेतली.

म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये नवी योजना आणली. आपल्याकडे ती लोक अभिरक्षक कार्यालय या नावाने चालते. इथला वकील पूर्णवेळ फक्त फौजदारी बचाव करतो, खासगी पक्षकार घेऊ शकत नाही. सहाय्यक पदासाठी वकिलीची पहिली तीन वर्षं चालतात. उपमुख्य व्हायला सात वर्षांचा अनुभव आणि किमान वीस सेशन खटले लागतात. मुख्य पदाला दहा वर्षं आणि तीस खटले.

शहापूर-मुरबाडच्या तरुण वकिलांना ही वाट मोलाची वाटावी. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायदा शिकायचा, सनद घ्यायची, बार कौन्सिलची परीक्षा द्यायची आणि मग सीनियरच्या हाताखाली जवळपास फुकट राबायचं. ग्रामीण भागातल्या ज्युनियरला महिना किमान १५,००० रुपये द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यात समृद्धी महामार्गाच्या या पट्ट्यात जमिनीच्या कामांत पैसा आहे. कातकऱ्याच्या जामिनात काय मिळणार?

आणि खरं कसब तर तिथेच लागतं. दोषारोपपत्र यायला गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत असते. ती उलटली की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण दिवस कुणीतरी मोजत असावे लागतात आणि अर्ज वेळेत पडावा लागतो. जामीन मंजूर झाला तरी भूमिहीन माणसाने सातबारावाला जामीनदार आणायचा कुठून? सुप्रीम कोर्टाने मोतीराम खटल्यात १९७८ सालीच अशा अटींवर कडक शब्दांत बोट ठेवलं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, असं त्याच कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं. हे निकाल कोर्टापुढे ठेवणं, तुरुंगात जाऊन आरोपीला त्याच्या बोलीत खटला समजावणं, हे वकिलाचं काम.

बचाव दुबळा पडला तर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. नाशिकच्या २००३ मधल्या एका प्रकरणात अंकुश मारुती शिंदे आणि इतर पाच जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातीतले. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. तोवर सोळा वर्षं गेली होती.

अमेरिकेत १९६३ च्या गिडियन निकालाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणं बंधनकारक केलं आणि १९७० पासून तिथल्या संघीय कोर्टांत पगारी बचाव वकिलांची कार्यालयं उभी राहिली. आपला लोक अभिरक्षक मात्र कंत्राटावर आहे. हे बदललं पाहिजे. ज्याच्या हाती माणसाची सुटका आहे, त्याला पुढच्या वर्षीच्या नोकरीची चिंता असू नये.

तोवर एवढं करा. ओळखीपाळखीत कुणाला अटक झाली, तर दागिना गहाण टाकण्याआधी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, तो त्याचा हक्क आहे.