प्राध्यापकाच्या पगारात घर चालते काय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे आमच्या नात्यातले एक गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा सेट परीक्षा उत्तीर्ण होऊन पुण्याच्या एका महाविद्यालयात शिकवू लागला, तेव्हा साऱ्या वस्तीने पेढे खाल्ले. ‘पोरगा प्राध्यापक झाला,’ असे आई आजही अभिमानाने सांगते. पण गेल्या दिवाळीत या प्राध्यापकाने खोलीभाड्यासाठी बापाकडेच पैसे मागितले. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. कागद घेऊन त्याच्याबरोबर हिशेबालाच बसलो.

कायम सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातील सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता व घरभाडे भत्ता वेगळा. एवढ्यात सातारा-सांगलीत संसार नीट होतो, पुण्यातही काटकसरीने भागते.

आमचा मुलगा मात्र तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे. राज्य सरकारने २०२३ मध्ये पदवी वर्गाच्या तासाचा दर ९०० रुपये केला. आठवड्याला ९ तास धरले तर चार आठवड्यांचे ३२,४०० रुपये होतात. ऐकायला बरे वाटते. पण सुट्टी आणि परीक्षेच्या दिवसांत तास नाही आणि पैसेही नाहीत. त्याला वर्षात सातच महिने काम मिळाले. झाले २,२६,८०० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर महिना १८,९००! तेही बिल मंजूर होईल तेव्हा.

पुण्यात कॉटबेसिसचे ५,०००, मेसचे ४,५००, पेट्रोल, मोबाईल, पुस्तके मिळून ३,५००. उरले ५,९००. यात लग्न, दोन खोल्यांचे भाडे आणि आईचे औषध कसे बसवायचे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० व महिना ५०,००० रुपयांपर्यंत मानधन सांगितले होते. त्याच्या हाती पडले ते एवढेच.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. परळच्या चाळीत राहून त्यांनी त्यातून बचत केली. त्यात शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज घालून १९२० मध्ये त्यांनी पुढील शिक्षणासाठी लंडन गाठले. पगार दरमहा हाती येत होता, म्हणून त्यातून काही मागे टाकता आले. तासावर जगणाऱ्याने काय मागे टाकावे?

आणखी एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. कायम पदांची भरतीच झाली नाही, तर बिंदुनामावलीतील राखीव जागा कागदावरच राहतात. आपली मुले सेट-नेट होतात, पीएच.डी. करतात आणि तासावर राबतात.

म्हणून शिकणे थांबवावे काय? मुळीच नाही. पण मुलाने नेमणुकीचे पत्र आणले की पेढे वाटण्याआधी विचारा, पद कायम की तासिकेचे? तासिकेचे असेल तर त्याला नालायक ठरवू नका. दोष त्याचा नाही. आणि आमदार मते मागायला वस्तीत येतील तेव्हा रस्ता-गटाराबरोबर हाही प्रश्न विचारा, की महाविद्यालयांतील रिकाम्या जागा कधी भरणार? हळदीची पोती वाहून बापाने मुलाला शिकवले. शिकलेल्या मुलाचे खोलीभाडेही त्यानेच भरावे, हा कुठला न्याय?