विश्लेषण : १७० वर्षांनी दिसलेला पक्षी ‘तोच’, हे कसे ठरले?

बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या दक्षिण कालिमंतान प्रांतात ऑक्टोबर २०२० मध्ये वनोपज गोळा करणाऱ्या दोन स्थानिकांना एक अनोळखी पक्षी सापडला. त्यांनी तो पकडला, छायाचित्रे काढली आणि सोडून दिला. छायाचित्रे पक्षीनिरीक्षकांकडे पोहोचली, तेव्हा कळले की हा ‘ब्लॅक-ब्राउड बॅबलर’. आपल्या सातभाईंचा हा दूरचा नातलग १८४० च्या दशकानंतर कुणाला दिसल्याची नोंद नव्हती.

पुरावा किती होता?

जगभरात मिळून एक. जर्मन भूवैज्ञानिक कार्ल श्वानर यांनी मिळवलेला, पेंढा भरलेला तो नमुना नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहालयात आहे. नेपोलियनचा पुतण्या शार्ल ल्युसियाँ बोनापार्त याने १८५० मध्ये त्याच्यावरून प्रजातीचे वर्णन केले. मात्र नमुना जावा बेटावरचा, अशी चुकीची नोंद झाली. त्या काळात श्वानर बोर्निओत होते, हे १८९५ मध्ये योहान ब्यूटिकोफर यांनी दाखवून दिले. चुकीच्या नोंदीचा फटका आपल्या रानपिंगळ्यालाही बसला होता. रिचर्ड माइनर्टझागेन यांच्या बनावट नोंदीमुळे त्याचा शोध भलतीकडेच चालला होता. अखेर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला.

मग ओळख कशी पटली?

डोळ्यांवरून जाणाऱ्या ठळक काळ्या पट्ट्यामुळे आणि पिसांच्या रंगांमुळे. गंमत म्हणजे डोळे मात्र जुळत नव्हते. लायडनच्या नमुन्याचे डोळे पिवळे, जिवंत पक्ष्याचे तांबूस. चोच आणि पायांचे रंगही वेगळे. याचे कारण साधे आहे. मेलेल्या पक्ष्याच्या या भागांचे मूळ रंग टिकत नाहीत, आणि डोळे तर कृत्रिमच बसवतात. त्यामुळे हा फरक शंकेचे कारण ठरला नाही. उलट, हा पक्षी जिवंतपणी कसा दिसतो हे प्रथमच कळले. पानजी गुस्ती अकबर आणि सहकाऱ्यांनी ‘बर्डिंगएशिया’ या नियतकालिकात ही नोंद प्रसिद्ध केली. पक्षी शोधणारे दोघेही तिचे सहलेखक आहेत, ही विशेष दाद देण्याजोगी बाब. नवा नमुना मिळवण्यासाठी पक्षी मारावा लागला नाही, हेही महत्त्वाचे.

ठिकाणाबाबत सावधगिरी का?

नोंदीला ठिकाण आणि तारीख नसेल तर ती निरुपयोगी, हे जावाच्या घोळावरून दिसतेच. पण इंडोनेशियात गाणाऱ्या पक्ष्यांचा व्यापार मोठा आहे. तिथे पक्ष्यांच्या गायनाच्या स्पर्धा होतात आणि शामासारख्या पक्ष्यांना चांगला भाव मिळतो. दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा उघड झाली, तर अभ्यासकांच्या आधी पारधी पोहोचण्याची भीती असते. म्हणून अशा नोंदींत अचूक ठिकाण संशोधकांपुरते ठेवून बाहेर प्रांताचे किंवा जिल्ह्याचे नाव सांगितले जाते.