यंत्राचा शब्द मानायचा का?

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. आज तिथूनच कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू या.

यंत्राला बुद्धी आहे का, हे सगळेच विचारतात. १९५० साली ॲलन ट्युरिंगने हा प्रश्न बाजूला ठेवला. लेखी संभाषणात यंत्र कोणते आणि माणूस कोणता हे ओळखता येते का, एवढेच पाहा, असे त्याने सुचवले. एरवी बुद्धीची आपली व्याख्या सोयीने सरकतेच. बुद्धिबळाच्या तर नावातच बुद्धी! पण १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला हरवले आणि लोक म्हणू लागले, छे, ही नुसती आकडेमोड.

ते असो. खरा बदल झालाय तो नात्यात. शिवणयंत्र आपण चालवतो. त्याचे म्हणणे ऐकत नाही. आता आपण यंत्राचे ऐकतो. याची चाहूल जुनी आहे. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारी, बस्स. त्यांच्या सेक्रेटरीने त्यांना महिनोन्‌महिने त्यावर काम करताना पाहिले होते. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्ये बोलल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! गंमत वाटते, पण हसू नका. आज आईच्या औषधाची मात्रा मोबाइलला विचारणारा मुलगा तिच्या बराच पुढे गेलाय.

आता न्यायदर्शनाकडे या. शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आप्त कोण? वात्स्यायनाच्या मते, ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जाणले ते तसेच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू, असेही तो म्हणतो. केवढे मोठे मन! मग यंत्राला का नको? तर भाषेचे हे प्रारूप अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो ते ठरवते. ते औषध त्याने पाहिलेले नाही, आणि खरे सांगण्याची इच्छा त्याला आहे असे म्हणायला आधार नाही. त्याला खोटारडे तरी कसे म्हणणार? खोटारड्याला खरे काय ते ठाऊक असते. हे बरोबर आणि चूक दोन्ही एकाच ठाम सुरात सांगते.

कोणी म्हणेल, तापमापी तरी कुठे आप्त आहे? बरोबर. पण तिच्यावरचा विश्वास हा शब्द नव्हे, ते अनुमान आहे. धुरावरून अग्नी, तसे पाऱ्यावरून ताप. आमच्या मते यंत्राचे उत्तरही असेच, चिन्ह म्हणून घ्यावे. अनुमानाला व्याप्ती लागते. पारा आणि ताप यांची व्याप्ती कोणीतरी तपासलेली आहे. औषधाची मात्रा, कायद्याचे कलम, पिकावरची कीड, प्रत्येक ठिकाणी ती निराळी तपासावी लागेल. व्याप्ती कशी ठरते, तिच्यात उपाधी कुठे शिरते, ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.