गव्हाचा जन्मभराचा उपास

मिरजगावच्या एस. टी. स्टँडवर उतरलेल्या माणसाला भूक लागली तर त्याने काय खावे? वाचकहो, हा प्रश्न तुम्हाला हास्यास्पद वाटेल. नगर-सोलापूर रस्त्यावरचे आपले गाव. वडापाव, मिसळ, समोसा, भजी यांचा वास गाडीच्या खिडकीतूनच आत येतो. अलीकडे त्यात चायनीजच्या गाडीची भर पडली आहे. मात्र गेली चार वर्षे हा प्रश्न मला रोज नव्याने सोडवावा लागतो, आणि तो मला एकटीलाच पडलेला नसावा. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

अकरावीत असताना माझे पोट वारंवार बिघडे. वजन वाढेना, अंगात रक्त राहीना. आजीने दृष्ट काढली, शेजारणीने अंगारा दिला, कुणी लोहाच्या गोळ्या दिल्या. अशक्त लेकीला बळ यावे म्हणून आई गव्हाचा शिरा साजूक तुपात करून भरवी, आणि मी अधिकच खंगत जाई. अखेर नगरच्या एका डॉक्टरांनी रक्ताची तपासणी केली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान केले : सिलिअॅक. औषध एकच, गहू बंद. तोही जन्मभर. त्या रात्री आई जेवली नाही. आपल्याच हातच्या शिऱ्याने लेक आजारी पडत होती, हे तिला सहन होईना.

हा काय प्रकार आहे? गव्हात ग्लूटेन नावाचे चिकट प्रथिन असते. त्याचे दर्शन घरीच घेता येते. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत राहा. पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ग्लूटेन. जव आणि युरोपात पिकणारे राय हे धान्य यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई यांत ती नसतात. आपल्याकडे पोळी लाटतात पण भाकरी थापावी लागते, यातच सारे रहस्य आहे. ज्वारीच्या पिठाला धरून ठेवणारा चिकटा नसतो, म्हणून तर आया-बहिणी गरम पाण्यात पीठ मळतात.

सिलिअॅकच्या रोग्याच्या शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लूटेन पोटात गेल्यावर चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातील सत्त्व तेच शोषून घेतात. ते अंकुर झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. ग्लूटेन पूर्ण थांबवले की बहुतेकांचे अंकुर हळूहळू पुन्हा उगवतात.

या रोगाशी गव्हाचा संबंध जोडणारे डॉक्टर म्हणजे हॉलंडचे विलेम डिके. ते बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या धामधुमीत, त्या देशात पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना या रोगाची मुले मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध सादर केला. दुष्काळाने कुणाचे भले झाल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण!

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. झटपट मिळणारे खाणे बहुधा गव्हाचेच का असते? पाव फुगतो तो ग्लूटेनच्या जाळीत हवा अडकल्यामुळे. तो सकाळी आणून संध्याकाळपर्यंत विकता येतो आणि हातात धरून चालता चालता खाता येतो. भाकरीचे तसे नाही. ती एकेक थापायची, तव्यावरून ताटात घ्यायची आणि गरम आहे तोवर खायची. घाईच्या जगात भाकरी मागे पडली ती चवीमुळे नव्हे, वेळेमुळे. कर्जत-जामखेडचा हा मुलूख मालदांडी ज्वारीचा. आजोबांच्या लहानपणी पोळी सणावारीच होई. आज त्याच मुलखातल्या स्टँडवर ज्वारीचा घास शोधावा लागतो!

अनुभवाने शिकलेला हिशेब सांगते. वडापावातला पाव मैद्याचा, तो बाद. वडा बेसनाचा, पण ज्या कढईत समोसे तळले त्याच तेलात तो तळला असेल तर तोही बाद. मिसळीची मटकी निर्दोष, पण फरसाणात मैद्याचे तुकडे असू शकतात. उपमा आणि शिरा रव्याचे, म्हणजे गव्हाचेच. पोहे चालतात, मात्र उपम्याचा झारा पोह्यांत घातलेला नसावा. इडली तांदूळ-उडदाची, म्हणून बरी. रवा इडली मात्र नको. डोशाच्या पिठात काही जण रवा किंवा मैदा मिसळतात, म्हणून विचारावे. सांबारात हिंग असतो, आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. भेळ पुरीशिवाय मागावी आणि शेव कशाची ते विचारून घ्यावे. चायनीज गाडीवरचे नूडल्स मैद्याचे. तिथला भातही मला चालत नाही, कारण सोया सॉस करताना सहसा गहू वापरतात. भाजके शेंगदाणे, केळी, उसाचा रस हे माझे खरे मित्र.

एवढी बारकाई कशाला, असे मला अनेकदा विचारतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की रोज अवघे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते. एका पोळीत सुमारे अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा तुकडासुद्धा रोजचा झाला तर पुरेसा आहे. आपल्या देशातही ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्यामुळे गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तरी ती माझ्या कामाची राहत नाही. आमच्या गावची गिरणी सकाळी उघडली, की पहिले दळण आमचे असते.

मागील वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी एका हॉटेलात मी नुसता वडा मागितला. मालकांनी सवयीने वडापावच दिला. मी अडचण सांगितली. त्यांनी पाव उचलून बाजूला ठेवला आणि तीच बशी पुढे सरकवली. "आगं पोरी, काढला की पाव! आता काय राहिलं?" त्यांच्या बोलण्यात मायाच होती. मलाच पुन्हा नाही म्हणण्याचा संकोच वाटला. वडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पेपर अर्धा टाकून उठावे लागले. त्या पेपरात मी नापास झाले. दोष त्या मालकांचा नव्हता, माझ्या संकोचाचा होता.

त्यानंतर मला एक युक्ती सापडली. ग्लूटेन हा शब्द कुणाला कळत नाही. सिलिअॅक म्हटले की लोक घाबरतात. पण उपास सर्वांना कळतो! एकादशीला हॉटेलवाले साबुदाण्याची कढई वेगळी ठेवतात, झारा वेगळा ठेवतात, उपासाला गव्हाचा स्पर्श चालत नाही हे त्यांना सांगावे लागत नाही. मी आता म्हणते, "मामा, मला गव्हाचा उपास आहे, जन्मभराचा." ते आधी हसतात, मग हात धुतात आणि स्वच्छ बशी काढतात. आपल्या संस्कृतीत जी शिस्त देवासाठी पाळली जाते, ती माणसासाठीही पाळता येते, हे मला स्टँडवर कळले.

हा आजार फक्त परदेशातला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पाहणीत उत्तर भागात शेकडा १.२३ प्रौढांना तो आढळला, दक्षिणेत अवघ्या ०.१० जणांना. आनुवंशिक कल दोन्हीकडे जवळजवळ सारखाच होता. गव्हात मात्र मोठे अंतर होते : उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. आपल्या ताटात भाकरीची जागा पोळी घेत असताना या आकड्यांचा विचार व्हावा. मात्र हे वाचून कुणी आपल्या मनाने गहू सोडू नये. आधी सोडला तर तपासणीत रोग सापडत नाही. शंका असेल त्याने प्रथम डॉक्टरांकडे जावे.

इटलीने २००५ साली अशा रोग्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याच देशाच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचे म्हणून साजरे झाले. माझे मागणे त्या मानाने फार लहान आहे. गेल्या स्नेहसंमेलनात पुरी-भाजी आणि गुलाबजाम होते. साऱ्यांच्या पंगती हॉलमध्ये बसल्या आणि मी मैदानामागच्या लिंबाखाली फडक्यातली भाकरी खाल्ली. कुणी हाकलले नव्हते, मीच उठून गेले होते. प्रश्नांना उत्तरे देण्याचा कंटाळा आला होता.

गुरुजनहो, मित्रमैत्रिणींनो, आपल्या कँटीनमध्ये एक तवा आणि एक झारा गव्हापासून दूर ठेवता येईल का? संमेलनाच्या जेवणात भात, आमटी आणि ज्वारीची भाकरी गव्हाला न लागता वेगळ्या भांड्यात ठेवता येईल का? त्याचा लाभ माझ्यापुरता नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात एखादी मुलगी सतत आजारी असेल, कुणी तिची दृष्ट काढत असेल, कुणी तिला शिरा भरवत असेल. तिने हा लेख वाचावा आणि पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसावे, एवढीच इच्छा आहे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला