यूपीएसच्या बॅटरीची पारख

वीज गेल्यावर संगणकाला अखंड आधार मिळावा म्हणून मेजाखाली ठेवलेला यूपीएस ऐन वेळी दोन शिट्ट्या घालून बंद पडतो, तेव्हा पुष्कळ जण यंत्रच निकामी झाले असे समजून नव्याची तजवीज करू लागतात. वस्तुतः दोष बहुधा त्यातील बॅटरीचा असतो, आणि तो ओळखणे मुळीच दुष्कर नाही.

घरगुती यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तास क्षमतेची बंदिस्त बॅटरी असते. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या शिसे-आम्ल घटाचीच ती वंशज. यूपीएस बंद करून, प्लग काढून, बॅटरी सोडवून तिला नुसता मल्टिमीटर लावला, तर जीर्ण बॅटरीही कित्येकदा १२.७ व्होल्ट दाखवते आणि आपली दिशाभूल करते. म्हणून तिला मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब जोडावा: धडधाकट बॅटरीचा दाब १२ च्या आसपास टिकतो, खंगलेलीचा मात्र पाहता पाहता १० च्याही खाली घसरतो, कारण पट्ट्यांवर साचलेल्या लेड सल्फेटच्या कठीण स्फटिकांनी तिचा अंतर्गत रोध वाढवलेला असतो. बॅटरी रिकामी पडून राहिली की हे स्फटिक बळावतात. उष्णताही तितकीच घातक, तापमान १० अंशांनी वाढले की आयुर्मान साधारण निम्म्यावर येते. फुगलेली बॅटरी तर चाचणीच्या फंदात न पडता बदलावीच.

बॅटरी चोख निघाली, तर जोडलेला भार पाहावा. लेझर प्रिंटर यूपीएसला कदापि जोडू नये. त्याचा तापणारा रूळ क्षणात इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस तिथेच हात टेकतो.