शिडाची होडी आणि बिनसमुद्राची मुले

शिडाच्या होड्यांची शर्यत हा पैसेवाल्यांचा शौक, असेच आम्ही अमळनेरकर समजत आलो. आमची बोरी नदी पावसाळा सरला की आटते. शिडाशी आमचा संबंध तो काय?

पण २०१९ साली सिडनीत सुरू झालेल्या 'सेलजीपी' स्पर्धेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. देशोदेशीचे व्यावसायिक संघ, आणि होडी पन्नास फुटी 'कॅटामरान', म्हणजे दोन होड्या शेजारी जोडाव्यात तशी. (शब्द मूळचा तमिळ मच्छीमारांचा : कट्टुमरम, बांधलेली लाकडे. लाकडे त्यांची, शर्यत साहेबांची!) वेग आला की ती पाण्यातल्या पात्यांवर उचलली जाते आणि ताशी नव्वद किलोमीटरच्याही वर धावते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दुबईला ब्राझीलचा नवा संघ उतरला. सुकाणूवर मार्टिने ग्राएल, ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदके मिळवलेली बाई. या स्पर्धेत सुकाणू धरणारी ती पहिलीच स्त्री. सर्वांच्या होड्या एकसारख्या, यंत्रांनी टिपलेली माहितीही सर्व संघांना खुली. एकाचे गुपित दुसऱ्यापासून लपत नाही, हे आम्हाला फार आवडले. अर्थात संघ उभारायला पैसा बक्कळ लागतो.

मग गरिबाच्या पोराने शीड धरायचे कुठे? देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक आणले. तिथेच लष्करातल्या विष्णू सरवणन यांनी कांस्यपदक मिळवले. भोपाळलाही समुद्र नाही. आणि भुसावळहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी तो तलाव दिसतो.