चाक पुढून नव्हे, मागून पाहा

साखरा, सेनगावकडच्या काळ्या रानात पहिला मोठा पाऊस पडला, की जीपवाल्याला टायरचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. चिखलात गाडी रुतू नये म्हणून रुंद टायर आणि त्यासाठी रुंद रिम घ्यावी, असं मनात येतं. दुकानात मात्र आपण चकाकी पाहतो, किंमत विचारतो, फार तर बोल्टची भोकं जुळतात का ते बघतो. पण ते चाक गाडीला नीट बसेल की नाही, हे ठरवणारं माप त्याच्या पाठीमागं असतं. त्याला बॅकस्पेसिंग म्हणतात.

नाव नवं वाटलं तरी ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असते. पिकाच्या ओळींतलं अंतर बदललं, की मागची चाकं जवळ किंवा लांब घ्यावी लागतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत त्यासाठी मधली खोलगट डिस्क उलटी करून बसवतात. रिम तीच, टायर तोच. पण हबला टेकणारी जागा सरकली, की सगळं चाकच सरकतं. ट्रॅक्टरची रचना ही सोय धरूनच केलेली असते. जीपच्या रिमेत मात्र ही जागा कायमची पक्की असते.

बॅकस्पेसिंग मोजणं सोपं आहे. टायर न चढवलेली रिम दर्शनी बाजू खाली करून पालथी ठेवा. मागच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी टाका. त्या पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली टेपनं मोजा. हेच बॅकस्पेसिंग.

आता एक हिशेब पाहू. रिमेवर ७ इंच लिहिलेलं असतं, ती टायर बसतो तेवढ्या जागेची रुंदी. दोन्ही कडा धरून एकूण रुंदी साधारण ८ इंच भरते. टेकणारा भाग बरोबर मध्यावर असेल, तर बॅकस्पेसिंग ४ इंच. ते ५ इंच असेल, तर तो भाग मध्यापासून १ इंच बाहेरच्या बाजूला आहे. या फरकाला ऑफसेट म्हणतात. तो मिलिमीटरमध्ये देतात. १ इंच म्हणजे सुमारे २५, म्हणून रिमेवर ‘ईटी २५’ असं कोरलेलं आढळतं.

हीच रिम बदलून ८ इंची घेतली आणि बॅकस्पेसिंग ५ इंचच ठेवलं, तर वाढलेला सगळा १ इंच बाहेर येतो. ऑफसेट तोच ठेवला, तर अर्धा इंच आत आणि अर्धा इंच बाहेर वाढतो. म्हणून ‘माप तेच आहे’ असं दुकानदार म्हणाला, तर कोणतं माप, हे जरूर विचारा.

बॅकस्पेसिंग जास्त झालं, तर चाक आत सरकतं. मग वळण घेताना टायर पाट्याला, शॉकअपला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला घासू शकतो. घासून घासून टायरची बाजू कापली जाते आणि भरधाव गाडीत टायर फुटण्याचा धोका असतो. कमी झालं, तर चाक बाहेर येतं. गाडी रुबाबदार दिसते. पण भरलेली घागर अंगाशी न धरता हात लांब करून धरली, तर खांद्याला जसा ताण येतो, तसा तो हबच्या बेअरिंगला येतो. एक चाक खड्ड्यात आपटलं, की स्टिअरिंगला जास्त हिसका बसतो. टायर मडगार्डला घासू शकतो, नाहीतर त्याबाहेर येऊन मागच्यांवर चिखल उडवतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरणारे बदल करण्यास मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. म्हणून कंपनीनं आपल्या मॉडेलसाठी दिलेल्या मापातच राहावं.

नव्या रिमेचे पैसे मोजण्याआधी जुनी रिम मोजा आणि आकडा कागदावर लिहून न्या. आधी एकच चाक बसवून पाहा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. गाडीत माणसं बसवून पुन्हा पाहा, कारण ओझ्यानं गाडी खाली बसते आणि मोकळी वाटलेली जागा कमी होते. टायर कुठंही टेकत नसेल, तरच उरलेली चाकं घ्या.